चार करवल्या, एक रंग

सनबेडबद्दल मला विचारा. आमच्या लिव्हरपूलमध्ये ज्या गोष्टी डॉक्टरला विचाराव्यात त्याही बायका मला विचारत. कातडी उन्हात रापल्यासारखी तांबूस व्हावी म्हणून नऊ वर्षं मी त्या निळ्या दिव्यांच्या पेटीत नेमाने झोपत होते. कुठल्या दुकानातले दिवे कडक आणि कुठल्यातले नुसते उजेड पाडणारे, हे मला तोंडपाठ होतं. त्यामुळे टेरीशी माझं लग्न ठरलं तेव्हा मी घरात जाहीर करून टाकलं, "माझ्या चारही करवल्या एका रंगाच्या दिसणार. खरपूस टोस्टसारख्या. जबाबदारी माझी."

तिघी तयारच होत्या. अडचण होती ती आमच्या शिवॉनची. ही माझी धाकटी बहीण, एकोणीस वर्षांची, तांबड्या केसांची, आणि इतकी गोरी की बसची वाट बघत पाच मिनिटं उन्हात उभी राहिली तरी नाक सोलून निघायचं.

"मी भाजते गं, लिंझ," ती म्हणाली.

"भाजतेस, कारण पाया नाही. आधी पाया भरायचा, मग रंग आपोआप चढतो."

"डॉक्टर तर म्हणतात की..."

"डॉक्टरीणबाईंचे पाय बघितलेस कधी? पांढरेफटक."

हे उत्तर मला तेव्हा फार हुशारीचं वाटलं होतं.

मग आठवड्यातून चारदा मी तिला धरून न्यायला लागले. ती आत झोपायची आणि मी बाहेर बसून मासिकं चाळायचे. तीन महिने झाले तरी पोरगी टोस्ट काही होईना, फक्त कोळंबीसारखी लाल. म्हणून मी वरून बाटलीतला रंगही चोपडायला घेतला. आमच्याकडे यात कुणाला काही वावगं वाटत नाही. रंगाचे ओघळ वाळतात, डाग पडतात आणि ते घासून काढायचे असतात, एवढंच.

तसा एक डाग शिवॉनच्या पोटरीवर दिसला. मसुराएवढा, काळपट, कडा वेड्यावाकड्या.

"रंग नीट चोळला नाहीस. हा बघ ओघळ."

"लिंझ, तो आधीपासून आहे. वाढलाय फक्त."

"डाग कधी वाढतात का गं?"

शनिवारी सगळ्याजणी केसांत रोलर लावून आमच्या स्वयंपाकघरात जमल्या, आणि प्रत्येकीकडे त्या डागावर जालीम उपाय होता. पॉलीन मावशीने लिंबू चोळलं. माझ्या जोडी नावाच्या मैत्रिणीने खायचा सोडा लावला. आई म्हणाली, "सरका, हे तुमचं काम नाही," आणि भांड्याची घासणी घेऊन आली. शिवॉन स्टुलावर पाय ठेवून, चहाचा मग दोन्ही हातांत धरून मुकाट्याने सोसत होती. आम्ही आळीपाळीने घासत होतो. शेवटी रक्त आलं.

"बघ, सुटायला लागला," मावशी समाधानाने म्हणाली.

घासणाऱ्यांत मीही होते, आणि सगळ्यांत जोर माझाच होता.

पुढच्या आठवड्यात झगे घालून बघायला गेलो. शिवणाऱ्या मिसेस हॅलिगन तोंडात टाचण्या धरून जमिनीवर बसल्या होत्या आणि शिवॉनच्या झग्याची खालची दुमड टाचत होत्या. मध्येच त्यांनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून बाहेर काढल्या.

"हे काय आहे, पोरी?"

"रंगाचा डाग," मीच उत्तर दिलं. "निघेल लग्नापर्यंत."

"तीस वर्षं मी डाग काढतेय. हा त्यातला नाही. तिला डॉक्टरकडे ने, मग मी हा झगा पुरा करीन."

मला असा राग आला. लग्न तोंडावर आणि बाई अडून बसलेल्या. त्यांचं तोंड बंद व्हावं, एवढ्याचसाठी मी शिवॉनला घेऊन गेले. पांढरेफटक पायवाल्या डॉक्टरीणबाईंनी भिंग लावून पाहिलं आणि लगेच मोठ्या रुग्णालयात पाठवलं. पंधरा दिवसांत कळलं. त्वचेचा कॅन्सर.

शस्त्रक्रियेआधी नर्सने विचारलं, "सनबेड वापरायचीस का? कुणी सांगितलं होतं?"

"मैत्रिणींचं बघून," शिवॉन म्हणाली.

माझी जीभ आयुष्यात कधी गप्प बसलेली नाही. त्या दिवशी मात्र मी भिंतीवरचं मूत्रपिंडाचं चित्र मन लावून बघत राहिले.

गाडीत मी विचारलं, "खोटं का बोललीस?"

"तुझं लग्न आहे ना," ती म्हणाली आणि खिडकीतून बाहेर बघायला लागली.

पोटरीचा मोठा तुकडा काढला, मांडीची कातडी तिथे लावली. जांघेतली एक गाठ तपासायला नेली, रोग पसरलाय का ते बघायला. उत्तर यायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत मला लग्नाची तारीखसुद्धा आठवत नव्हती. गाठ स्वच्छ निघाली. पण पुढची कित्येक वर्षं दर तीन महिन्यांनी तपासणी, आणि दर वेळी निरोप येईपर्यंत घरात कुणी धड जेवत नाही.

लग्नात तीन करवल्या टोस्ट आणि चौथी दुधासारखी, कुबड्यांवर. माझ्या बाजूला तीच उभी होती.

परवाच्या तपासणीला मी ठरवूनच गेले. तीच नर्स होती. मी घसा साफ केला आणि सगळं सांगून टाकलं. नेणारी मी, पाया भरायला लावणारी मी, घासणारीही मीच. बोलता बोलता रडायला आलं. माफी तरी मिळेल, निदान शिव्या तरी, असं वाटत होतं.

नर्सने मान वर न करता लिहिणं पुरं केलं.

"ते पहिल्याच दिवशी तुमच्या रंगावरून कळलं होतं," ती म्हणाली. "तुमची पाठ कुणी बघितलीय का कधी? नाही ना? डॉक्टर मोकळ्या आहेत. पडद्याआड जा आणि कपडे उतरवा."

मी उतरवले. भिंग घेऊन नुसते माझ्या पाठीवरचे डाग बघायला डॉक्टरांना अर्धा तास लागला. पडद्याबाहेर माझी पर्स मांडीवर घेऊन बसलेली शिवॉन मधून मधून विचारत होती, "लिंझ, थंडी नाही ना वाजत?"