पोहण्याच्या मास्तरांचा स्वेटर

सासूबाईंनी बॅगेतून स्वेटर काढला, तेव्हा पंखा पाचावर होता आणि तरीही जावईबापूंच्या कपाळावरून घाम ओघळत होता. जावईबापू तलावावर पोहायला शिकवत, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. अर्धी चड्डी, बनियन आणि गळ्यात शिट्टी, हा त्यांचा बारमाही पोशाख.

सासूबाई राहायच्या वर डोंगरात, जिथे नाताळच्या सुमारास नळातलं पाणी गोठतं. सासरे गेल्यापासून घरात एकट्याच. दर नाताळच्या सुट्टीत त्या लेकीला बोलवायच्या आणि लेक दर वेळी सांगायची, "अगं आई, याला थंडी सोसत नाही गं." खरं तर मास्तरांना थंडीबद्दल कुणी विचारलंच नव्हतं. एवढ्या लांबच्या प्रवासाचा कंटाळा लेकीलाच होता. शेवटी यंदा वाट बघून थकलेल्या सासूबाई सुट्टी लागताच स्वतःच खाली आल्या, जिथे नाताळातही घाम फुटतो.

"घालून बघा. फोटोवरून अंदाजाने विणलाय," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी घातला. अगदी बेतल्यासारखा बसला. ते काढणार, तेवढ्यात बायकोने त्यांना स्वयंपाकघरात ओढलं.

"लगेच काढू नकोस! डोळ्याचं ऑपरेशन झालं तरी विणत होती ती."

"अगं, पण मी शिजतोय!"

"मग थोडे दिवस शीज. आई गेली की काढ."

भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. मास्तर स्वेटर घालून जेवले, स्वेटर घालून बाजारात गेले. भाजीवालीने त्यांना नीट न्याहाळलं आणि वर मूठभर कोथिंबीर फुकट टाकली. "ताप अंगावर काढू नका मास्तर," म्हणाली.

"जावईबापू, उकडत नाही का हो?" सासूबाईंनी विचारलं.

"छे छे! गारवाच आहे की हवेत," मास्तर घाम पुसत म्हणाले.

सासूबाईंचा चेहरा उतरला. इथल्या उन्हात ज्याला गारवा लागतो, तो आपल्या डोंगरात कसला येतोय! लेक म्हणते ते खरंच म्हणायचं. बिचारा इथेच कुडकुडतोय, म्हणून त्यांनी उरलेल्या लोकरीतून घाईघाईने एक कानटोपी विणली. मास्तरांनी तीही घातली. सासूबाईंचा चेहरा आणखी उतरला.

"तिला वाटतंय तुला आवडलं नाही," लेकीने निदान केलं. "उद्या ती तलावावर येणार आहे. तिथेही घालून उभा राहा."

"तलावावर? बनियनवर?"

"मग काय बनियनखाली?"

दुसऱ्या दिवशी तलावाच्या काठावर मास्तर उभे राहिले. खाली अर्धी चड्डी, वर स्वेटर, डोक्याला कानटोपी आणि गळ्यात शिट्टी. पाण्यातली मंडळी शिकायचं सोडून एकमेकांना कोपरं मारू लागली. त्यात नव्यानेच शिकायला लागलेले गिरणीवाले काका हसता हसता काठाची दांडी सोडून बसले. नाकातोंडात पाणी गेलं, आणि "मेलो, मेलो!" असा त्यांनी टाहो फोडला.

मास्तरांनी क्षणाचा विचार न करता सूर मारला. लोकर पाणी किती पिते हे सासूबाईंना ठाऊक होतं, मास्तरांना नव्हतं. बाह्या हाताबाहेर वाढत गेल्या, कानटोपी डोळ्यांवर आली आणि मास्तर स्वतःच गटांगळ्या खाऊ लागले. एवढ्यात काकांच्या लक्षात आलं की इथे आपले पाय टेकतात. त्यांनी मास्तरांच्या बाहीचं लोंबतं टोक धरलं आणि म्हैस ओढावी तसं त्यांना काठाला आणलं.

"काढा तो आधी!" सासूबाई धावत आल्या. "थंडी बाधेल हो!"

"थंडी?" मास्तरांचा धीर सुटला. "आई, उकडून जीव चाललाय माझा! तुमचं मन मोडू नये म्हणून घालून फिरतोय. मी रोज पहाटे गार पाण्यात उतरणारा माणूस. थंडी मला कधी वाजलीच नाही!"

सासूबाई बघतच राहिल्या. "म्हणजे सोसते तुम्हाला?"

"न सोसायला काय झालं?"

"अहो, मग हा इथे घालायला सांगितला कुणी? तुम्ही आमच्याकडे यावं म्हणून विणला होता मी!"

मास्तरांनी बायकोकडे बघितलं. बायको तलावाच्या फरशा फार लक्ष देऊन बघत होती.

त्या संध्याकाळी लेक आईच्या कुशीत शिरून रडली. "चुकलं गं माझं," म्हणाली. सासूबाईंनी तिला थोपटलं आणि तिच्याच हातांवर लोकरीची लड चढवली. स्वेटरचं अंग उन्हात वाळून ठीक झालं होतं, पण ताणलेल्या बाह्या काही केल्या आवरेनात. त्यांनी दोन्ही बाह्या उसवून टाकल्या आणि सुट्टी संपेपर्यंत त्या विणत राहिल्या.

गाडी सुटायची वेळ झाली, तेव्हा सासूबाईंनी खिडकीतून स्वेटर मास्तरांच्या हातात दिला. मास्तरांनी उलगडला. बाही एकच होती.

"आई, लोकर संपली का?"

"लोकर भरपूर आहे. माझ्या बॅगेत आहे," सासूबाई म्हणाल्या. "दुसऱ्या बाहीच्या मापाला तुम्हाला तिकडे यावं लागेल."

गाडी हलली. लेक डोळे पुसत हसत होती आणि हसता हसता पुन्हा डोळे पुसत होती.

"तिकिटं कधीची काढायची?" मास्तरांनी विचारलं.

"थंडी संपायच्या आत," ती म्हणाली.

मास्तर भर दुपारी एका बाहीचा स्वेटर घालून, घामाने निथळत घरी आले. या वेळी तो घालायला त्यांना कुणीही सांगितलं नव्हतं.