तिसऱ्या गटातली वस्ती

सोमवारपासून सूनबाई पुन्हा नोकरीवर जाणार होती, आणि सगळं अडलं होतं एका केअरटेकर बाईच्या पगारावर. लेकीसाठी ऑफिसजवळचं पाळणाघर मिळालं होतं. नवरा फिरतीच्या नोकरीवर. राहिले सासरे. खुब्याच्या ऑपरेशननंतर त्यांना आधाराशिवाय उठता येत नव्हतं, आणि तो आधार कसा द्यावा यावर त्यांची स्वतःची ठाम मतं होती.

अशा बाया पुरवणाऱ्या ब्युरोचा हिशेब दोन गोष्टींवर चाले: घर कुठल्या वस्तीत आहे आणि बाईला अनुभव किती आहे. बड्या लोकांच्या वस्त्या पहिल्या गटात, साध्यासुध्या तिसऱ्या. यांची वस्ती तिसऱ्यात बसत होती. त्यात नवखी मुलगी घेतली, तर सगळं भागवून सुनेच्या हातात थोडंफार उरत होतं. थोडंफारच, पण दोन वर्षं घरी काढल्यावर स्वतःचं म्हणून काही उरणार, याचंच तिला कोण अप्रूप.

पक्कं करायला ब्युरोतून फोन आला, तेव्हा ती लेकीला न्हाऊ घालत होती. फोन सासऱ्यांनी उचलला.

आता सासऱ्यांची सबंध नोकरी नगररचना खात्यात नकाशे काढण्यात गेलेली. ही वस्ती आखली गेली, तेव्हा कागदावरची पहिली रेघ त्यांनीच ओढली होती. तिला कोणीतरी तिसऱ्या गटात टाकलंय हे ऐकून ते खुर्चीत ताठ झाले. त्यांनी रस्त्यांची रुंदी सांगितली, झाडं सांगितली, बागा सांगितल्या, गटारांचा उतारसुद्धा सांगितला. पलीकडच्या बाई नमल्या. मग नवखी मुलगी येणार हे कळल्यावर सासऱ्यांनी बजावलं, की आपण म्हणजे शिकाऊ माणसाने हात साफ करून घ्यायची वस्तू नव्हे.

सून टॉवेलात गुंडाळलेली लेक घेऊन बाहेर येईपर्यंत वस्ती पहिल्या गटात गेली होती आणि बाई सगळ्यात वरच्या अनुभवाची ठरली होती. सासऱ्यांनी हे अभिमानाने सांगितलं. सुनेने नवा आकडा विचारला आणि ती पलंगावर बसलीच.

"म्हणजे बाबा, मी कामाला जायचं, सगळा पगार तिला द्यायचा आणि कमी पडतील ते तुमच्या पेन्शनीतून घालायचे."

नातीने ओल्या केसांचं डोकं सासऱ्यांच्या सदऱ्याला पुसलं, तरी ते ओरडले नाहीत, म्हणजे प्रकरण मनाला लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपण होऊन ब्युरोला फोन लावला आणि जन्मभर जिचं कौतुक केलं त्या वस्तीची मनावर दगड ठेवून निंदा केली. पाणी वरपर्यंत चढत नाही, रस्ता कायम खणलेला, कुत्री अंगावर येतात आणि लिफ्ट तर नुसती शोभेची. काल स्वर्ग आणि आज नरक ऐकून ब्युरोच्या बाई गोंधळल्या. म्हणाल्या, मी स्वतःच येऊन बघते. सासऱ्यांनी लगोलग वॉचमनला सांगून लिफ्ट बंद करवली. सुनेला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

बाई चौथ्या मजल्यावर पोचल्या, तेव्हा त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. पाणी पिऊन झालं, घाम पुसून झाला.

"काका, तुमचं खरं आहे," त्या म्हणाल्या. "ही वस्ती पहिल्या गटात नाही बसत."

सासऱ्यांनी सुनेकडे कौतुकाच्या अपेक्षेने पाहिलं.

"अवघड गटात बसते. त्याला वर भत्ता लागतो. रोज एवढं चढून कोण येणार हो?"

आकडा पहिल्या गटाच्याही डोक्यावर गेला. सासरे घाईघाईने काही खुलासा करायला उठले आणि त्यांचा तोल गेला. सुनेने कडेवरची लेक बाईंच्या मांडीत दिली, सासऱ्यांच्या गुडघ्याला आपला गुडघा टेकवला, कमरेत हात घातला, "पायाकडे नाही, माझ्याकडे बघा," असं म्हणत त्यांना सावरलं आणि अलगद खाली बसवलं. त्यातच लेकीला सांगून झालं, की मावशींचा चष्मा ओढायचा नाही.

बाई चष्मा सोडवत बघत राहिल्या. "आधी कुठे काम करत होता, ताई?"

"कुठे नाही. दोन वर्षं घरीच आहे." ऑफिसातही तिने हेच सांगितलं होतं. त्यांनी ती दोन वर्षं रिकामी धरून तिला पुन्हा सुरुवातीच्या पगारावर घेतलं होतं.

"घरीच काय? एवढं येणारीला आम्ही मधल्या श्रेणीचा पगार देतो."

स्वतःच काढलेल्या नकाशावर न दिसलेला रस्ता सापडावा, तसे सासरे सुनेकडे पाहत होते. मग त्यांनी घसा खाकरला.

"लिफ्ट चालू आहे," ते म्हणाले. "मीच बंद करवली होती. वस्ती तिसऱ्याच गटात राहू द्या. आणि नवखीच पाठवा. ही मला कशी उठवते ते मला पाठ आहे. मी सांगेन, ती करेल."

बाईंनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग त्यांना हसू आवरेना. पण लिफ्टने खाली-वर एक फेरी मारून खात्री केल्यावरच त्यांनी आकडा खाली आणला.

सोमवारी नवखी मुलगी आली. ती त्यांचा दंड धरायला गेली आणि सासरे खुर्चीतून हुकूम सोडू लागले: गुडघ्याला गुडघा, हात कमरेत, दंडाला धरायचं नाही. एका खांद्याला पर्स, दुसऱ्यावर लेक अशी सून दारातून हलेना. "अगं, थोडं खाली वाकून धर—"

"सूनबाई, तू नीघ," सासरे म्हणाले. "हिचं पहिलं वर्ष आत्ता सुरू झालंय. मध्ये मध्ये करू नकोस."

सून निघाली. पाळणाघरात लेक रडली, मग तिला एका डब्यातले ठोकळे दिसले आणि ती आईला विसरली. आई मात्र थोडी रडून, डोळे पुसून ऑफिसात पोचली. तिचं टेबल पुसून ठेवलेलं होतं. तिने पर्स त्यावर ठेवली, पण खुर्चीत न बसता ती तशीच साहेबांच्या केबिनमध्ये गेली.

"सर, दोन मिनिटं आहेत का?" ती म्हणाली. "मला बहुतेक चुकीच्या गटात टाकलंय तुम्ही."