दणकटरावांचा पाय

एका जंगलात, बाळांनो, एक हत्ती उभा होता. हत्ती उभा होता यात सांगण्यासारखं काय, असं मागच्या रांगेतल्या शहाण्यांना वाटत असेल. त्यांनी जरा दम धरावा. तो कशावर उभा होता, ते महत्त्वाचं आहे.

तो येसाक्काच्या शेपटीवर उभा होता.

येसाक्का म्हणजे घोरपड. पलीकडच्या वारुळात तिने अंडी घातली होती आणि ती दिवसभर त्यांची राखण करायची. त्या दिवशी सकाळी घोटभर पाण्यासाठी ओढ्यावर आली, परत निघाली, आणि वाटेत शेपटीवर हा पाय पडला. पाय दणकटरावांचा होता. जंगलातलं मोठं प्रस्थ. ते वाटेत उभे राहिले की बाकीचे वाट बदलायचे.

"दणकटराव, जरा पाय उचलता का? खाली माझी शेपटी आहे," येसाक्का म्हणाली.

दणकटरावांनी खाली पाहिलं. "अरेरे," ते म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले. आणि तसेच उभे राहिले.

त्यांना ऐकू गेलं नसेल, असं येसाक्काला वाटलं. कान केवढे होते ते तिला दिसत होतं, तरी तिने पुन्हा सांगितलं.

"ऐकलं गं," दणकटराव म्हणाले. "फार वाईट वाटलं. पाय ठेवला ती माझी नजरचूक. पण आता उचलायचा म्हणजे मला काहीतरी करावं लागणार. आणि करणारा अडकतो. उचललेला पाय आणखी कुणावर पडला, तर जबाबदारी कुणाची? आधी विचारून घेतलेलं बरं."

विचारायचं ते शुभ्रपंतांना. शुभ्रपंत म्हणजे बगळा, जंगलाचे न्यायाधीश. ते दिवसभर ओढ्यात एका पायावर डोळे मिटून उभे असत. ओढ्यातले मासे रोज कमी होत, पण पंतांना काही करताना कुणी पाहिलं नव्हतं. म्हणून तर त्यांना न्यायाधीश केलं होतं.

दणकटराव हलत नव्हते, तेव्हा न्यायालयच त्यांच्यापाशी आलं. त्यांची बाजू मांडायला मुंगूस धावत आलं. धावताना त्याची नजर वारुळावर होती. ते येसाक्काने बरोबर पाहिलं.

"पंत, पाय ठेवणं ही कृती खरी," मुंगूस म्हणालं, "पण ती अजाणता झाली, म्हणून माफ. पाय न उचलणं ही तर कृतीच नाही. दणकटराव सकाळपासून काहीही करत नाहीयेत. काहीही न करणाऱ्याला शिक्षा द्यायची, तर आधी त्या दगडाला द्या."

सगळ्यांनी दगडाकडे पाहिलं. दगडाचं काही म्हणणं नव्हतं. ते मुंगसाच्या बाजूने धरण्यात आलं.

"पण मला दुखतंय," येसाक्का म्हणाली.

"दुखून तू घेते आहेस," शुभ्रपंत म्हणाले. "ते दणकटराव कसं करतील?"

"आणि माझी अंडी? मी इथे अडकले की हा वकीलच ती खाणार."

"मी अजून काही केलेलं नाही," मुंगूस म्हणालं.

"ऐकलंस? तेही निर्दोष," शुभ्रपंत म्हणाले. मग त्यांनी निकाल दिला. "केलेलं दिसतं, न केलेलं दिसत नाही. जे दिसत नाही, त्याचा न्याय करायला न्यायालय काही भुताटकी बघत नाही. दणकटराव निर्दोष."

प्राण्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवणं हे करण्यात मोडतं की काय, अशी शंका आली तेव्हा पटकन थांबवल्या. सगळे पांगले. मुंगूस मात्र रमतगमत वारुळापाशी गेलं आणि माती उकरू लागलं.

येसाक्काने जीव खाऊन ओढ दिली. शेपटी निघेना.

तेवढ्यात वारा सुटला आणि पिकलेल्या फणसाचा वास आला. समोरच्या झाडाखाली फणस फुटून पडला होता. दणकटरावांची सोंड आपोआप वर झाली.

"येसाक्का," ते म्हणाले, "तू जमिनीत हिंडणारी बाई. त्या झाडाखालची जमीन भक्कम आहे ना?"

ती जमीन साळिंदरांनी आतून पार पोखरून ठेवली होती. तिथे ससासुद्धा बेताने पाय टाकायचा. येसाक्काने सांगायला तोंड उघडलं, कारण तिचा स्वभावच तसा होता. मग तिला निकाल आठवला. समोर मुंगसाची उकरणारी नखं दिसत होती. तिने तोंड मिटलं. तिला भीती वाटली, आणि खोटं कशाला सांगू, थोडं बरंही वाटलं.

दणकटरावांनी पाय उचलला. जबाबदारीचा प्रश्न फणसापुढे निघालाच नाही. ते डुलत झाडाखाली गेले आणि पोटापर्यंत जमिनीत गेले.

येसाक्का सुटली ती थेट मुंगसावर जाऊन पडली. त्याच्या शेपटीचा असा लचका तोडला, की ते ओरडत पळालं. वरची माती गेली होती, पण अंडी शाबूत होती. ती तिथेच बसून रडली.

दुपारी तिला बोलावणं आलं. न्यायालय पुन्हा दणकटरावांपाशीच भरलं, कारण ते पुन्हा हलत नव्हते.

"हिला माहीत होतं आणि हिने सांगितलं नाही," मुंगूस उभ्याउभ्याच म्हणालं. त्याला बसता येत नव्हतं.

"पण मी काही केलंच नाही," येसाक्का म्हणाली. "न केलेल्याला शिक्षा नसते. पंत, सकाळी तुम्हीच नाही का सांगितलंत?"

शुभ्रपंतांनी पाय बदलला. हे ते क्वचितच करत.

"येसाक्का, नीट समजून घे," ते मायेने म्हणाले. "दणकटरावांसारख्या थोरांकडून जे होत नाही, ते राहून गेलेलं असतं. तुझ्यासारखीकडून जे होत नाही, ते तू मुद्दाम केलेलं असतं."

शिक्षा साधी होती. येसाक्काने झाडाचं मूळ नखांनी घट्ट धरायचं आणि दणकटरावांनी तिच्या शेपटीला धरून वर यायचं. शेपटी तीच, सकाळचीच.

"सोडू नकोस हं," दणकटराव सोंडेने शेपटी आवळत म्हणाले. "सोडणं ही कृती आहे."

दणकटराव काही वर आले नाहीत. फणस सोंडेच्या टप्प्यात होते, त्यामुळे त्यांना घाईही नव्हती. पुढे वारुळातून पिल्लं बाहेर पडली आणि आईला शोधत तिथे आली.

"आई, तू काय केलंस गं?" एकाने विचारलं.

"काही नाही."

"मग ही शिक्षा कशाची?"

"त्याचीच," येसाक्का म्हणाली, आणि तिने मूळ आणखी घट्ट धरलं.

तात्पर्य : करणं आणि न करणं यांत फार मोठा फरक आहे. तो कुणाच्या बाजूने धरायचा, हे वजनावर ठरतं. म्हणून बाळांनो, चांगलं वागण्याच्या भानगडीत पडण्याआधी भरपूर जेवा आणि मोठे व्हा.