बीन्सला धुरी

मालन जाऊन आठ महिने झाले आणि या आठ महिन्यांत माझं वजन नऊ किलोंनी उतरलं. (त्यातले दोन किलो दुःखाचे. बाकीचे सात माझ्या हातच्या स्वयंपाकाचे.) आमच्या जान्हवीने हे पाहिलं आणि फर्मान काढलं, की बाबांनी विक्रोळीची जागा बंद करून मुलुंडला तिच्याकडे राहायला यायचं. मी नको म्हणालो. या घरात मालन चौतीस वर्षं वावरली. फ्रिजच्या दारावर तिच्या कणकेच्या बोटांचे ठसे अजून आहेत, ते मी कोणाला पुसू देत नाही. पण हे मुलीला कसं सांगायचं? मी आपलं सांगितलं, मुलुंडचं पाणी मला मानवत नाही. (दोन्हीकडे पाणी एकाच महापालिकेचं येतं हे तिलाही माहीत आहे.)

शेवटी तह झाला. रविवारी ती आणि जावई सुबोध दुपारी जेवायला येणार, तंदुरी चिकन आणि पोळ्या तेच आणणार, मी फक्त एक साइड डिश करायची.

"एक साइड डिश नीट करून दाखवा बाबा, मग मी मुलुंडचं नावसुद्धा काढणार नाही."

साइड डिश म्हणजे ताटात डावीकडे वाढायची की उजवीकडे, इथपासून माझी तयारी होती. पण पदार्थ मी लगेच ठरवला. बेक्ड बीन्स. जान्हवीच्या प्रत्येक वाढदिवसाला मालन ते करायची, गोडसर आणि जरा धुराच्या वासाचे. कंपनीतल्या एका साहेबांच्या घरी ती पूर्वी डबा द्यायची, तिथे शिकली होती.

आजारपणात मालनने माझ्यासाठी एकेका कागदावर एकेक पदार्थ लिहून ठेवला होता. एकूण एकोणीस कागद. आता मी बत्तीस वर्षं कारखान्याच्या स्टोअरमध्ये काढलेली. सुटे कागद बघितले की मला झोप लागत नाही. तेरावं झाल्यावर मी ते सगळे ओळीने स्वयंपाकघराच्या टाइल्सवर लावले आणि चारही बाजूंनी चिकटपट्टी मारून पक्के केले. काम इतकं सफाईदार झालं, की मालनला दाखवायला मी हाक मारणार होतो.

बीन्सचा कागद सोळावा. राजमा भिजवून शिजवणे, कांदा, टोमॅटो, गूळ, मोहरीची पूड, जरासं व्हिनेगर. जाड तव्यावर पातेलं ठेवून तासभर मंद आच. शेवटी धुरी देणे.

राजमा चक्क शिजला. गूळही करपला नाही. राहिली धुरी. आम्ही मूळचे मालवणकडचे, आम्हाला धुरी एकच माहीत. पोराला दृष्ट लागली की देतात ती. मी नारळाची करवंटी पेटवून निखारा केला, देवघरातल्या धुपाटण्यात ठेवला, वर धूप आणि चिमूटभर गुग्गुळ टाकला आणि ते धुपाटणं पातेल्यात मधोमध ठेवून झाकण लावलं. बारा मिनिटं. (कमी पडायला नको.)

दहाव्या मिनिटाला बेल वाजली. दारात शेजारच्या द्रौपदीवहिनी, डोक्यावर पदर घेऊन.

"श्यामभावजी, आज मालनचं मासिक ना? सांगितलं पण नाय आम्हाला."

"मासिक नाही वहिनी. बीन्स आहेत."

"असू दे. तिला आवडायचं ते करायचं," असं म्हणून त्या सरळ आत आल्या, मालनच्या फोटोला हात जोडले आणि डोळे पुसत परत गेल्या. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

जान्हवीने पहिला घास घेतला आणि चमचा खाली ठेवला. सुबोध भला माणूस, तो चावत राहिला.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "याला आईच्या तेराव्याचा वास येतोय."

मी चाखून बघितलं. खरंच येत होता. फोटोपुढे तेरा दिवस तेच धुपाटणं जळत होतं. लोकांना चहापाणी विचारण्यात आणि दाखले गोळा करण्यात माझं रडायचं राहूनच गेलं होतं, ते त्या दिवशी राजम्यापुढे झालं. जान्हवीही रडली. सुबोधने दोघांना पाणी आणून दिलं आणि त्या निमित्ताने आपलं ताट गुपचूप बाजूला सरकवलं.

रडून झाल्यावर जान्हवी नाक पुसत स्वयंपाकघरात गेली. आईने नक्की लिहिलंय तरी काय, ते तिला बघायचं होतं. तिने विचारलं, कोपऱ्यात पट्टीखाली हा बाण कसला आहे. मी म्हणालो, तेलाचा डाग असेल. तिने नखाने चिकटपट्टी सोलली आणि कागद उलटला. मागे मालनचं अक्षर होतं. तिने मोठ्याने वाचलं.

"धुरी कोळशाची आणि तुपाची. देवाजवळच्या धुपाची नाही. यांनी कागद उलटलेला नसणारच, कुठेतरी पक्का चिकटवून टाकला असेल. जान्हवी, बाबांना ओरडू नको. बाहेरून मागव."

आठ महिन्यांत पहिल्यांदा माझी मुलगी हसली. मग तिने एकोणीसच्या एकोणीस कागद सोलले. आमटीच्या मागे लिहिलं होतं, मीठ घालायचं. भाताच्या मागे लिहिलं होतं, तांदूळ आधी धुवायचे. आठ महिने मी मालनचा अर्धाच स्वयंपाक जेवत होतो.

आम्ही बाहेरून मागवलं, फक्त साइड डिश. मुलुंडचा विषय निघाला नाही. निघताना जान्हवी एवढंच म्हणाली, "पुढच्या रविवारी परत बीन्स. दोन्ही बाजू वाचून."

तेव्हापासून हाती येईल तो कागद मी आधी उलटून बघतो. काल कॅलेंडरचं पान उलटलं. मागे भरल्या वांग्यांची पाककृती होती. दोनदा वाचली. माझ्याबद्दल त्यात काहीच लिहिलेलं नव्हतं.