गेनबा हवालदारांचं वर्णन

गेनबा हवालदार उभ्या माणसाकडे आडव्या माणसाकडे बघावं तसं बघायचे. नजर पायांपासून निघायची, सावकाश वर यायची आणि चेहऱ्याशी येऊन थांबायची.

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत गिअर कापणाऱ्या एका कारखान्यात मी टाइमकीपर म्हणून लागलो, तेव्हा ते गेटवर होते. हत्यारी पोलिसांतून निवृत्त झालेले, मूळचे मावळातले. पहिल्या दिवशी मी नेमणुकीचं पत्र पुढे केलं. त्यांनी ते बघितलंच नाही.

"उंची पाच फूट चार. बांधा किरकोळ. रंग गव्हाळ. उजव्या कानामागं तीळ," ते म्हणाले. "नाव?"

मी नाव सांगितलं.

"गाव? आईचं नाव?"

तेही सांगितलं. त्यांचे ओठ थोडा वेळ नुसते हलत राहिले. मग म्हणाले, "जावा आत."

खोलीवर आल्यावर दोन आरसे समोरासमोर धरून मी कानामागे पाहिलं. तीळ होता. सव्वीस वर्षं माझ्याच अंगावर असून मला त्याचा पत्ता नव्हता. त्या रात्री मी कूस बदलून बदलून झोपलो.

ते काहीच लिहून ठेवत नसत. दोनशे माणसांच्या जुन्या जखमांचे व्रण, तुटके दात, हातावर गोंदलेली नावं, सगळं डोक्यात. आमचे सुपरवायझर बापटसाहेब एकदा होणाऱ्या जावयाला कौतुकाने कारखाना दाखवायला घेऊन आले. हवालदारांनी सवयीप्रमाणे पाहुण्याची नोंद केली. "उंची पाच सात. नाक सरळ. केसांचं काय सांगत न्हाई साहेब, ते पाव्हण्याचं न्हाईत." बापटसाहेबांना ही बातमी नवीन होती. लग्न झालं, पण त्यानंतर वर्षभर बापटसाहेब हवालदारांशी बोलले नाहीत.

कामगार मात्र त्यांना टरकून असत. हवालदारांनी एखाद्याचं वर्णन दोनदा केलं की त्याचे दिवस भरले, अशी बोलवा होती. मिलिंगवरच्या एकाचं दोनदा केलं आणि तिसऱ्या दिवशी तो खरंच आला नाही. त्याला गालगुंड झालं होतं. पण तोवर निम्मी शिफ्ट गेटमधून मान खाली घालून शिरू लागली होती. टर्नर गायकवाड म्हणायचा, "आपला पंचनामा आधीच उरकून ठेवतोय राव म्हातारा."

पुढे संप झाला. तिसऱ्या आठवड्यात मालकांनी बंदोबस्त मागवल्याची कुणकुण लागली आणि समोरच्या चहाच्या टपरीवर वाद पेटला.

"बंदूकवाली एक गाडी आली की सगळे सुतासारखे सरळ येतात," बापटसाहेब म्हणाले.

"आम्ही काय दरोडेखोर आहोत, साहेब?" गायकवाड उसळला. "पगारवाढ मागतोय. काठीवाले दोन शिपाई पुरेत."

"जमाव बिथरला तर काठी काय करणार?"

"आणि बंदूक बिथरली तर?"

बापटसाहेब हवालदारांकडे वळले. वर्षभराचा अबोला तिथे सुटला. "तुम्ही सांगा. तुम्ही दोन्ही वापरलंय."

हवालदारांनी बशीतला चहा संपवला. "काठी मारली, तर कुटं लागलं ते मानूस सोता सांगतो. गोळी मारली, की आपल्याला हुडकावं लागतं."



दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला निळी गाडी आली. आठ रायफलवाले उतरून गेटसमोर ओळीने उभे राहिले. कोवळी पोरं होती. पन्नास पावलांवर आमचे कामगार घोषणा देत होते. कुठून तरी एक दगड आला आणि गाडीच्या जाळीवर खणकन आपटला. अधिकारी ओरडला. आठही रायफली खांद्याला लागल्या. एकदम इतकं शांत झालं, की शेजारच्या कारखान्यातला यंत्राच्या पट्ट्याचा आवाज ऐकू येऊ लागला.

हवालदार केबिनमधून निघाले. मी त्यांची बाही धरली, ती त्यांनी सोडवून घेतली. रायफलवाल्यांच्या रांगेच्या मधोमध जाऊन त्यांनी समोर बोट केलं आणि कचेरीत कागद वाचावा तशा आवाजात सुरू केलं.

"पुढचा. निळा शर्ट. उंची पाच सहा. हनुवटीवर खोक. नाव दत्तू. गाव केज. आई कोंडाबाई. त्याच्या बाजूचा. बांधा मजबूत. डावी करंगळी न्हाई. नाव गायकवाड. आई रमाबाई."

एकेक माणूस ते सांगत गेले. ज्याचं नाव येई, त्याचा हात आपसूक त्या खुणेवर जाई. कोणी हनुवटी चाचपली, कोणी मनगट झाकलं.  जिवंत माणसं उभ्या उभ्या आपलंच शेवटचं वर्णन ऐकत होती. दत्तू एक पाऊल मागे सरला. मग गायकवाड. मग सगळेच, हळूहळू, रस्त्यापलीकडे गेले.

हवालदार वळून शेवटच्या शिपायापुढे उभे राहिले. "आन् तुजं नाव, लेकरा? आईचं?"

त्याची रायफल आधीच खाली आली होती. "पारूबाई," तो म्हणाला. आईचंच नाव सांगितलं त्याने, स्वतःचं राहून गेलं.

गोळी सुटली नाही. चार दिवसांनी तडजोड झाली, सगळे कामावर आले. हवालदारांना मात्र गेट सोडून गेल्याबद्दल काढून टाकलं. गायकवाड मालकांकडे रदबदली करायला गेला होता, उपयोग झाला नाही.

मी त्यांना एसटीच्या थांब्यावर पोचवायला गेलो. भर दुपार होती, आम्ही दोघंच होतो. मी न विचारताच ते बोलू लागले.

"आमी बी आठजन हुतो. हुकूम झाला. बाकीचं म्हनत्यात, आमी वर मारली. मी न्हाई वर मारली." ते रस्त्याकडे बघत होते. "त्यो पडला. दिवसभर त्याच्यापाशी पहारा मलाच दिला. मापं घेतली, तीळ बगितला, सदऱ्याचा रंग लिवला. नावाच्या जागी काय बी न्हाई. तीन दिवस कुनी वळखायला आलंच न्हाई. मग चौकशी झाली. गोळीबार योग्य, कागूद बंद."

बस आली. त्यांनी ती जाऊ दिली आणि पिशवीतून कोरा कागद काढला. "त्याचं नाव लागलं का, म्हनून पोलिसातल्या साहेबास्नी इचारायचं हाय. तुमचं अक्षर चांगलं हाय."

गुडघ्यावर कागद ठेवून मी अर्ज लिहिला. शेवटी विचारलं, "मयताशी तुमचं नातं काय लिहू?"

त्यांनी पिशवीचं तोंड बांधलं. मग म्हणाले, "जवळचं लिवा."

अर्ज मी रजिस्टर पोस्टाने पाठवला, माझ्या पत्त्यावर उत्तर मागवून. पोच आली, उत्तर आलं नाही. दर दोन-तीन महिन्यांनी हवालदार गावाहून यायचे. येताना माझ्यासाठी आंबेमोहोर तांदूळ आणायचे. "आलं का?" विचारायचे आणि पाणी पिऊन परतीची बस धरायचे.

चौथ्या खेपेला मी म्हटलं, "हवालदार, समजा नाव कळलं. मग काय करणार?"

"त्याच्या आईकडं जाईन. सांगीन, वाट बगू नगं." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "आता ती बी गेली आसंल म्हना. लई वर्सं झाली."

मी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

"तरी लिवू या आनि एकदा," ते म्हणाले.

मी टेबल रिकामं केलं आणि कागद घेतला.