फाट्यावरचं सर्वेक्षण

"सर, मला संडास चालू करायचाय," राजनंदिनी म्हणाली आणि प्रा. गोविंदराव पाथरीकरांच्या हातातला खडू खाली पडला.

सेलूच्या त्या महाविद्यालयात नवउद्योजकता कक्ष उघडून जेमतेम दोन आठवडे झाले होते. वाणिज्य शाखेत सव्वीस वर्षं शिकवणाऱ्या गोविंदरावांना प्राचार्यांनी कक्षाचं प्रमुख केलं होतं, कारण त्या बैठकीला दुसरं कुणी आलंच नव्हतं. मुलांनी नोकरीची वाट न बघता स्वतःचं काहीतरी उभं करावं, असं त्यांनी पहिल्याच तासाला टेबलावर हात आपटून सांगितलं होतं. स्वतः त्यांनी पगाराशिवाय दुसरी मिळकत कधी पाहिली नव्हती, हे वेगळं. त्यानंतर कुणी ॲप काढणार होतं, कुणी ड्रोन उडवणार होतं. संडास मात्र कुणाच्या डोक्यात आला नव्हता.

"नीट सांग बरं," खडू उचलत ते म्हणाले.

राजनंदिनीनं नीट सांगितलं. तिचं गाव देवगाव फाट्याच्या पलीकडे. रोज फाट्यावर तिला गाडी बदलावी लागायची. तिथं जालन्याकडं, जिंतूरकडं जाणाऱ्या बाया तास-तास उभ्या असायच्या.

"बाप्यांचं काय सर, कुठंबी उभे ऱ्हातात. बाया घरून निघताना पाणीच पीत न्हाईत. माझ्या मायनं तर असं करू करू मुतखडा करून घेतला. चुलत्याचा गाळा हाय फाट्यावर, बंद पडलेला. मागं बोअर हाय. दोन संडास, एक आरसा, बसायला बाकडं. चुलते हो म्हणलेत. मिस्त्रीबी गावातलाच हाय. दिवाळीच्या गर्दीआधी चालू करते."

सगळं इतकं सरळ होतं, की गोविंदरावांना संशय आला. तीन दिवसांच्या प्रशिक्षणात त्यांना जी जाडजूड पुस्तिका मिळाली होती, तिच्यात उद्योग एवढ्या लवकर कुठंच सुरू होत नव्हता. एकशे दहाव्या पानापर्यंत तर नुसतीच तयारी होती.

"घाई करू नकोस," ते म्हणाले. "आधी बाजारपेठेचं सर्वेक्षण. मग आराखडा. मग विद्यापीठाच्या स्पर्धेत मांडू. मग सुरुवात."

"पण सर, बायांना लागतंय हे मला माहीत हाय की."

"तुला माहीत आहे. कागदाला कुठं माहीत आहे?"

हे वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं, की त्यांनी ते स्टाफरूममध्ये दोनदा सांगितलं. पुढं त्याच वाक्यासाठी त्यांना स्वतःची जीभ चावावीशी वाटली, पण ते पुढं.

त्यांनी संडासाचं नाव 'महिला प्रवासी सुविधा व विश्रांती केंद्र' असं ठेवलं आणि रात्र जागून बेचाळीस प्रश्नांची प्रश्नावली केली. सतरावा प्रश्न होता, 'सदर सुविधेचा आपण प्रवासात सरासरी किती वेळा लाभ घ्याल?' राजनंदिनी आणि तिची मैत्रीण अर्पिता फाट्यावर जाऊन हा प्रश्न विचारू लागल्या, की बाया पदर सावरून दुसऱ्या झाडाखाली जायच्या. एका म्हातारीनं तर सरळ विचारलं, "तुला गं कशाला पायजेत असल्या चौकशा? कुणाची हायेस तू?"

शेवटी दोघींनी फाट्यावरच्याच सितारामच्या हॉटेलातलं बाकडं धरलं. तिथं सावली होती, पंखा होता, आणि चहाला येणाऱ्या बायकांना दम खायला वेळ होता. दोनशे फॉर्म भरायचे होते. दिवाळी आली आणि गेली.

"कवा चालू करायलीस बाई?" चुलते सटवाजी विचारायचे.

"सव्वीस फॉर्म ऱ्हायलेत, काका."

पुढच्या आठवड्यात गोविंदराव स्वतः फाट्यावर पाहणीला गेले. पोरी उन्हात बसगाड्या मोजत होत्या. सितारामनं सरांना खुर्ची पुसून दिली, गरम भजी आणि चहा ठेवला आणि समोर उकिडवा बसला.

"सर, ह्या पोरी दीड महिना झाला काय लिहायल्यात?"

असा जिज्ञासू विद्यार्थी गोविंदरावांना सव्वीस वर्षांत भेटला नव्हता. त्यांनी एका फॉर्मची पाठ घेतली आणि गाड्या किती, बाया किती, पाणी किती, झाडायला माणूस किती, सगळं मांडून दाखवलं.

"पर ह्यात फायदा हाय का सर?"

"फायदा? अहो, सहा महिन्यांत बांधकामाचा खर्च निघतो!"

सितारामनं शोषखड्ड्याचं दोनदा विचारलं. कागद घडी करून खिशात ठेवला. चहाचे पैसे काही केल्या घेतले नाहीत. गोविंदराव परतीच्या गाडीत मोठ्या समाधानानं डुलकी घेत आले.

महिन्याभरानं त्यांच्या पत्नी अनसूयाबाई जालन्याहून बहिणीला भेटून आल्या, त्या खूश होऊनच.

"अहो, देवगाव फाट्यावर काय छान सोय झालीय! फरशी, नळ, आरसा, कडी लागणारं दार! पहिल्यांदा मी त्या रस्त्यानं पाणी पिऊन आले."

गोविंदरावांनी पोह्यांची बशी तशीच बाजूला सारली. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं ते फाट्यावर गेले. सटवाजीच्या गाळ्याला गुलाबी रंग दिला होता आणि बाहेर बायांची रांग होती.

"सिताराम, हे काय केलंत?"

"तुमीच तर म्हणलात सर, फायदा हाय म्हणून."

"अहो, पण ती कल्पना त्या पोरीची होती!"

सिताराम जरासा ओशाळला. खांद्यावरच्या फडक्याला हात पुसत म्हणाला, "सर, खरं सांगू? दोनशे मानसं इचारून झाली, तरी पोरी इचारायल्याच. मला वाटलं, ह्यान्ला फकस्त इचारायचंच हाय. सटवाजीबी थांबून थांबून कट्टाळला. म्या भाडं देतो म्हणलं, त्यानं किल्ली दिली."

सितारामनं चहा पुढं केला. तो गोविंदरावांनी घेतला नाही.

परभणीला झालेल्या विद्यापीठाच्या स्पर्धेत राजनंदिनीनं आराखडा मांडला, कारण नाव आधीच गेलेलं होतं. परीक्षकांनी शेरा दिला, 'सर्वेक्षण अत्यंत सखोल. मात्र अशी सुविधा देवगाव फाट्यावर अगोदरच उपलब्ध असल्याने कल्पनेत नावीन्य नाही.' गोविंदरावांना उत्कृष्ट मार्गदर्शक म्हणून शाल मिळाली. ती खांद्यावर असताना ते एकदाही राजनंदिनीकडे बघू शकले नाहीत. गाडीत परभणी ते सेलू ती खिडकीतून बाहेर बघत होती आणि तिच्या मांडीवर दोनशे फॉर्मचा गठ्ठा होता.

चार दिवस त्यांना जेवण गोड लागलं नाही. पाचव्या दिवशी तास संपल्यावर त्यांनी तिला थांबवलं.

"राजनंदिनी, तो हिशोब सितारामला मीच मांडून दिला होता. चहा पीत पीत. चूक माझी आहे. आणि तुला दिवाळीआधी सुरू करू दिलं नाही, ती त्याहून मोठी."

"मला माहीत हाय सर. सितारामकाकानं तुमच्या अक्षरातला कागद दाखवला," ती शांतपणे म्हणाली. मग जरा थांबून, "माय परवा जालन्याच्या दवाखान्यात गेली, तवा तिथंच उतरली. चांगलं ठेवलंय म्हणली."

ती रागावली असती, तर बरं झालं असतं, असं गोविंदरावांना वाटलं.

"सर, दोन दिवस मी येनार न्हाई. एक काम चालू केलंय."

"काम? कसलं गं?" त्यांचा चेहरा उजळला. खुर्ची पुढं ओढून ते बसलेसुद्धा.

राजनंदिनीनं पिशवी छातीशी धरली. "राग नका मानू सर. दोन-तीन महिने नीट चाललं, की तुमाला सांगते." तिनं वाकून, अगदी मनापासून त्यांच्या पायांना हात लावला आणि ती पायऱ्या उतरून गेली.

मागून अर्पिता वह्या सावरत निघाली होती. न राहवून गोविंदरावांनी तिला हाक मारली. "अगं, तुला तरी माहीत आहे का, काय चालू केलंय तिनं?"

"हाय की सर. साऱ्या वर्गाला माहीत हाय," अर्पिता म्हणाली आणि घुटमळली. "पण तिनं सांगितलंय, कुणालाबी सांगा, फक्त पाथरीकर सरांना सांगू नका."

गोविंदरावांनी पुढं ओढलेली खुर्ची परत जागेवर सारली.

"बरोबर आहे तिचं," ते म्हणाले. "जा तू. गाडी चुकेल."