सुपडू नाना आणि अक्काचा गांधार

माझ्या लग्नाची वरात सुपडू नानांनी भर रस्त्यात थांबवली होती. मी घोड्यावर, डोक्याला फेटा, वर धुळ्याचं एप्रिलचं ऊन, आणि पुढे नाचणारी गर्दी एकाएकी जागच्या जागी थबकली. डीजेची गाडी मुकी. मला वाटलं जनरेटर गेला. मान उंच करून पाहतो तर नाना गाडीवर चढलेले, आणि उपटलेली वायर त्यांच्या हातात.

"आठ गाणी वाजवली याने," ते गर्दीला सांगत होते, "आठही एकच! सांग माले, कोनतं कोठे संपनं? सांग!"

"आबा, वायर द्या," डीजेवाला म्हणाला.

"पहिले सांग!"

माझे मामा मध्ये पडले, सासरचे दोघं धावले, नाना कोणालाही वायर देईनात. शेवटी घोडाच उन्हाला कंटाळला आणि मला घेऊन चालू लागला. नवरदेव पुढे निघाला म्हणून वरात निमूट त्याच्यामागे आली. मुहूर्त टळला तो टळलाच. माझी बायको आजही नानांना 'तुमचे ते वायरवाले' म्हणते, आणि ते आमच्या भिंतीला भिंत लावून राहतात हे तिने मला अजून माफ केलेलं नाही.

नाना स्वतः चाळीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये होते. आधी क्लॅरोनेट, पुढे दातांनी दगा दिल्यावर कीबोर्ड. आता बायको नाही, मुलगी सुरतेला दिलेली. घरी एकटे पेट्या दुरुस्त करत बसतात. अख्ख्या जिल्ह्यातल्या भजनी मंडळांच्या पेट्या त्यांच्याकडे येतात, आणि प्रत्येक पेटीबरोबर तिच्या मालकाला बोलणीही फुकट मिळतात. "पेटीत उंदीर राहत होता का तू?" हा त्यातला सौम्य प्रकार.

त्यांचा मुख्य राग चार खुंट्यांवर. मी कॉलेजात फिजिक्स शिकवतो, म्हणून मला हे समजलंच पाहिजे असा त्यांचा हट्ट. एका रविवारी त्यांनी मला समोर बसवलं आणि कीबोर्डवर एकामागून एक चार कॉर्ड दाबले, दर वेळी तीन-तीन पट्ट्या एकदम. "पाया बघ. सा, मग प, मग ध, मग म. पुन्हा सा. आता यावर कोणतंही गाणं म्हण."

मी एक हिंदी गाणं म्हटलं. बसलं. एक इंग्रजी म्हटलं. बसलं. शाळेत शिकलेलं एक मराठी म्हटलं, तेही थोडं ओढूनताणून बसलं.

"दिसनं?" नाना कडाडले. "बठ्ठा गाना त्याच चार खुंट्यासवर टांगेल शेतस! अमेरिकेत त्याच, कोरियात त्याच, आपल्या अहिराणी गाण्यात बी त्याच! शर्ट बदलतात, खुंट्या त्याच!"

"पण नाना, लोकांना आवडतं ना?"

"गोड खाऊन खाऊन जीभ मेली त्यांची!"

जगातलं कोणतं गाणं कुठल्या सुरांत आहे हे ते फोनवर ऐकून ठेवतात. मुलीने जुना फोन दिला, तेव्हापासून नाना धुळ्यात कमी आणि परदेशात जास्त असतात. स्कॉटलंडचा पिशवीवाला बाजा ऐकून त्यांनी मला भिंतीवर ठोकून बोलावलं होतं. "आयक, भूप! सरळ सरळ भूप! आणि हा चीनमधला मेंढपाळ, हा बी भूप! दोघांनी एकमेकांचं तोंड तरी पाहिलं असेल का?" अरबांच्या एका चालीत त्यांना भैरवाची खालची अर्धी बाजू सापडली. स्पेनच्या गिटारवाल्याला त्यांनी भैरवीत रंगेहाथ पकडलं. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या जुन्या गाण्यांवर मात्र ते फिदा. "यांचा गांधार, यांचा ग ऐक. खालचा कोमल नाही, वरचा शुद्ध नाही. दोन्हींच्या मधे, त्याला वाटेल तिथे. पेटीवर वाजवून दाखव, पाचशे जन्म घे!"

घंटागाडीशी त्यांचं भांडण वर्षभर चाललं. गाडीवर स्वच्छतेचं गाणं लागायचं, खुंट्या अर्थातच त्याच. नाना डबा घेऊन दारात उभे राहायचे आणि गाणं बंद होईपर्यंत कचरा द्यायचे नाहीत. मागे मोटरसायकली खोळंबायच्या, लोक हॉर्न वाजवायचे, नाना त्या हॉर्नचेही सूर काढायचे. शेवटी ड्रायव्हरच गल्लीच्या तोंडाशी आला की गाणं बंद करू लागला. आमच्या गल्लीला त्यामुळे गाडी आल्याचं कळत नाही. तीन दिवसांचा कचरा घेऊन मी कितीदा धावलो असेन, आणि धावताना नानांना काय काय म्हटलं असेल, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

हे सगळं मी हसून सांगतोय, पण पुढचं सांगताना मला नानांचा राग येत नाही. मला दुसऱ्याच कोणाचा तरी येतो.

नानांची थोरली बहीण दोंडाईच्याजवळ एका खेड्यात राहते. सगळे तिला अक्का म्हणतात. नानांपेक्षा नऊ वर्षांनी मोठी, सत्तरी केव्हाच ओलांडलेली, आवाज अजून खणखणीत. श्रावणात आमच्याकडे घरोघर कानबाई बसते, तेव्हा त्या गावात अक्काच्या गाण्याशिवाय देवी विसर्जनाला उठत नाही. तिचं एक गाणं आहे, तिच्या आईकडून आलेलं. पाचच सुरांचं. मी ते एकदा ऐकलं आणि मला नानांचं सगळं बोलणं कळलं. त्यातला गांधार पेटीत नाहीच. तो दोन पट्ट्यांच्या फटीत कुठेतरी आहे.

गेल्या वर्षी इथल्या एका स्टुडिओवाल्याने ते गाणं मागितलं. अहिराणी गाणी करून यूट्यूबवर टाकतो. नाना आणि मी अक्काला त्याच्याकडे घेऊन गेलो. माणूस वागायला चांगला, अक्काच्या पाया पडला, चहा दिला, पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखा बंद केला आणि स्वतःही घामाघूम होत बसला. अक्का डोळे मिटून गायली. एका दमात. नाना कोपऱ्यात मांडीवर हात ठेवून बसले होते आणि पहिल्यांदाच मी त्यांना कोणाच्या गाण्यावर गप्प पाहिलं.

आठवड्याने त्याने आम्हा तिघांना ऐकायला बोलावलं. स्पीकर सुरू झाला. आधी ढोलकी, मग खाली चार कॉर्ड, तेच, आणि वर अक्काचा आवाज. पण गांधार सरळ. कॉम्प्युटरने उचलून शुद्ध गांधारावर नेऊन ठेवलेला, खिळा ठोकावा तसा.

अक्का मान वाकडी करून ऐकत होती. संपल्यावर तिने मला विचारलं, "हाई कोन गाई राहिनी?"

"तुम्हीच ना, अक्का."

"मी?" ती हसली. "नही रे. हाई ते कोनी पोर शे."

आणि नाना उठले. त्यांचा आरडाओरडा मी पुष्कळ ऐकलाय, हा तसा नव्हता. आवाज फाटला होता. "मन्ही अक्काना सूर तू सुधारी राहिना? तू? कोनी सांगं तुले तो चुकेल शे म्हनून?"

"नाना, एक सूर बाहेर जात होता," तो गयावया करत म्हणाला. "कॉर्डशी भांडत होता. लोक कमेंटमध्ये शिव्या देतात."

"मग कॉर्ड काढ! सूर कसाले काढा?"

"अक्का जसं गायल्या ते मूळचं तरी द्या," मी म्हणालो.

"ते उडवलं, सर. कॉम्प्युटरमध्ये जागा राहत नाही."

तेव्हा मलाही संताप आला. मी काही संगीतातला नाही, पण त्या माणसाने कॉम्प्युटरवर बोट दाबून काय उडवलंय हे त्याला माहीतच नव्हतं, आणि माहीत नसल्यामुळे तो इतका नम्र होता, याचा मला जास्त संताप आला. अक्का मात्र म्हणाली, "पोरगानी चहा पाजा. चला घर."

गाणं चाललं. फार चाललं. हळदीत, वरातीत, बसस्टँडवरच्या फोनच्या दुकानात. यंदा श्रावणात नाना मला घेऊन अक्काच्या गावी गेले. सोमवारी सकाळी कानबाईची मिरवणूक नदीकडे निघाली, बाया गाऊ लागल्या, आणि नाना चालता चालता थांबले. सगळ्या जणी अक्काचंच गाणं गात होत्या, पण फोनवरून शिकलेलं. साठ-सत्तर बाया आणि सगळ्यांचा गांधार खणखणीत शुद्ध.

"चुकी राहिन्यात!" नाना मिरवणुकीत घुसले. "बठ्ठ्या चुकी राहिन्यात! थांबा! तो सूर तठे नही शे!"

ढोल थांबला. डोक्यावर कानबाई घेतलेली बाई थांबली. एक म्हातारी म्हणाली, "कोन शे हाऊ येडा?" दोघी-तिघी हसल्या, बाकीच्या चिडल्या. देवीच्या वाटेत पुरुषाने असं आडवं येणं कोणालाच रुचलं नव्हतं. नाना हाताने सूर दाखवत होते, थोडा खाली, थोडा आणखी खाली, जशी काही ती वस्तू हवेत लटकलेली आहे आणि नीट पाहिलं तर सगळ्यांना दिसेल.

अक्का गर्दीतून पुढे आली. "सुपडू," ती म्हणाली, "देवीले उन्हात उभी करी ठेवी तू. बाजूले व्हय."

"अक्का, तुन्हं गानं..."

"मन्हं काय त्यात? त्या गाई राहिन्यात ना? गाऊ दे." आणि मग, सगळ्यांसमोर, "असंच करनं व्हई ते पुढला वरीसले येऊ नको."

नाना माझ्याबरोबर एसटीने परतले. घरी आले आणि पुढचे कित्येक दिवस भिंतीपलीकडून काही आवाज नाही. घंटागाडी गाणं लावूनच गल्लीत शिरली तरी कोणी ओरडलं नाही. बायकोच म्हणाली, "जा बघून या. बरे आहेत ना?" तिने डब्यात भाजीही दिली.

नाना जमिनीवर बसले होते. समोर उघडी पेटी, हातात पितळी सूर, म्हणजे पेटीच्या आतली आवाज काढणारी पातळ पाती, आणि बारीक कानस. सूर घासायचा, पेटीत बसवायचा, भाता मारून ऐकायचा, पुन्हा काढायचा.

"अक्काचा गांधार बसवतोय," ते माझ्याकडे न पाहता म्हणाले. "बसत नाही. पितळ एका जागी राहतं. ती राहत नाही."

मी बसलो. म्हणालो, "त्या स्टुडिओवाल्याने वाट लावली, नाना."

त्यांनी कानस खाली ठेवली.

"तुला एक सांगू? माय होती तेव्हा अक्का हे गाणं तसंच गायची. शुद्ध गांधार. मायबरोबर, अंगणात, हसत हसत. मी पाच वर्षांचा होतो, पण कान तेव्हाही होते. माय गेली. दुसऱ्या दिवसापासून भाकरी अक्काने केली, मला तिने आंघोळ घातली. श्रावण आला, बाया म्हणाल्या म्हण गं तुझ्या मायचं गाणं. म्हणायला लागली आणि तो सूर खाली उतरला. गळ्यात काहीतरी होतं ना. मला वाटलं, पुढच्या वर्षी वर जाईल. गेला नाही, मास्तर. कधीच गेला नाही."

बाहेर कोणाच्या तरी गाडीचा हॉर्न वाजला. नानांचं लक्ष नव्हतं.

"त्या पोराने स्टुडिओत तो वर नेला, आणि मला ती दिसली. चौदा वर्षांची. तिला स्वतःलाच ती ओळखू आली नाही. मला आली, आणि सहन झाली नाही. म्हणून मी ओरडलो त्याच्यावर."

मग ते म्हणाले, "तुझ्या फोनमध्ये आहे ते गाणं?"

होतं. मी लावून दिलं. ढोलकी सुरू झाली, कॉर्ड सुरू झाले. नानांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि कानाला लावला. स्पीकर सुरू होता, खोलीभर ऐकू येत होतं, तरी त्यांनी तो लांबून आलेला फोन ऐकावा तसा दोन्ही हातांनी कानाशी धरला. अक्काच्या आवाजाची पहिली ओळ आली, गांधार वर गेला आणि वरच राहिला.

"हां, अक्का," नाना हळूच म्हणाले.

मी भाजीचा डबा पेटीशेजारी ठेवला आणि दार ओढून घेतलं.